चिठ्ठी मागणारे मेडिकल

आमच्या भागात हाकेच्या अंतरावर तीन-चार मेडिकल आहेत. त्यांतले हे एक ‘चिठ्ठी असेल तरच देतात’ म्हणून ओळखले जाते आणि त्या ओळखीत कौतुकापेक्षा कुरकुरच जास्त असते. मला विचाराल, तर या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू तीच आहे.

परवा माझ्यासमोरच एक गृहस्थ सेफिक्झिम हे अँटिबायोटिक मागत होते. ‘अहो ताई, मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं, चारच द्या.’ फार्मासिस्ट ताईंनी ताप किती दिवसांपासून आहे आणि आधीचा कोर्स पूर्ण केला होता का, एवढेच विचारले. मग चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, असे आवाज न चढवता सांगितले आणि जवळच्या दवाखान्याची वेळ कागदावर लिहून दिली. हे औषध 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या ‘एच-1’ अनुसूचीत, म्हणजे औषध नियमांतल्या जास्त कडक यादीत येते. त्यातील औषध विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते व ती वही तीन वर्षे सांभाळावी लागते, तेव्हा हा नकार कायद्याच्या धाकानेही देता येतो. अझिथ्रोमायसिन ही दुसरी अँटिबायोटिक गोळी मात्र साध्या ‘एच’ अनुसूचीत आहे. चिठ्ठी तिलाही बंधनकारक आहे, परंतु अशी वेगळी वही नाही, त्यामुळे पकडले जाण्याची धास्तीही कमी. इतरत्र ती बिनबोभाट मिळते. येथे तिलाही तोच नकार मिळतो, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार हे स्पष्ट दिसत असतानाही, आणि माझ्या लेखी या दुकानाचे खरे गुण येथे आहेत.

गोळ्या देण्याची पद्धतही नीटस आहे. पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाईल असे पाहतात आणि पाकिटावर ‘जेवणानंतर, पाच दिवस, बरे वाटले तरी’ असे मराठीत लिहितात.

दुपारी ताई जेवायला गेल्या की मालकांचा मुलगा साबण आणि डायपरच विकतो. फार्मसी कायदा, 1948 पाहता नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचे औषध देता येत नाही, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. पण ती वेळ दारावर लिहिलेली नसते, आणि उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ताटकळत उभे राहावे लागते.

याहून खटकते ते वेगळेच. डॉक्टरांनी केवळ मूळ औषधाचे नाव लिहिलेले असले, तरी आधी महागड्या कंपनीचीच पट्टी पुढे येते, आणि स्वस्त पर्याय आहे का, हे आपण विचारल्यावरच कळते. चिठ्ठीच्या बाबतीत इतके काटेकोर असणारे दुकान येथे गप्प का राहते, हे मला उमगलेले नाही. औषध घ्यायला जरूर जा, पण हा प्रश्न स्वतःहून विचारा.