ट्रकवर सीबी अँटेना: एक की जोडी?

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकवर दोन्ही आरशांना सीबीचा (सिटिझन्स बँड, म्हणजे चालकांचा आपसांत बोलायचा रेडिओ) एकेक अँटेना दिसतो. रुबाबदार खरा, पण माझं मत एकाच चांगल्या अँटेनाला. जोडीमुळे पुढे-मागे, म्हणजे रस्त्याच्या दिशेने पोच वाढते. तीही दोघांत साधारण नऊ फूट अंतर असेल तरच नीट. शिवाय ७५ ओहमची खास जोडकेबल हवी, आणि ट्यूनिंगला दोन्हींची लांबी सारखीच कमी-जास्त करावी लागते. एकट्याला ५० ओहमची साधी केबल पुरते.

काहीही निवडा, ब्रॅकेटखालचा रंग खरवडून अर्थिंग पक्कं कराच. मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा; कमी तेवढा चांगला) चॅनल १ आणि ४० वर मोजा: ४० वर जास्त आला तर अँटेना लांब, १ वर जास्त आला तर आखूड. ३ च्या वर असताना बोलूच नका, सेट जळू शकतो.