ओशिवरा मार्केटचं जुनं लाकूड: टेबल घ्या, दिवा तपासून घ्या

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटला जुन्या सागवानासाठी मुंबईत तोड नाही. पाडलेल्या इमारतींचे दरवाजे आणि तुळया इथे सेंटर टेबल, बाक होऊन पुन्हा उभे राहतात. हे लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं, त्यामुळे पावसाळ्यात नव्या लाकडाइतकं फुगत-वाकत नाही.

घेताना टेबल उलटं कराच. वरून गडद पॉलिशखाली आंब्याची फळी किंवा प्लाय सहज लपतो, खालून नाही. बारीक भोकांवर बोटाने टिचकी मारा. ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, तो नग सोडा. पुढे कापून घ्यायचं असेल तर आधी चुंबक फिरवा. आत राहिलेल्या एका खिळ्याने सुताराच्या करवतीचं पातं जातं. खिळ्याभोवतीचा काळा डाग मात्र चालेल. सागवानावर तो शोभतोच.

जुन्या पितळी भांड्यांचे दिवे देखणे, पण तिथे घाई नको. वायर ज्या भोकातून बाहेर येते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, नसेल, तर धातूची कड हळूहळू इन्सुलेशन कापते आणि अख्खं भांडं शॉक देतं. तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) वायर, बॉडीला अर्थिंग, तीन पिनांचा प्लग, एवढं हवंच. शेड बंदिस्त असेल तर ५ ते ७ वॅटचा एलईडी पुरे.