टोमॅटोची मर : प्रतिकारक वाण की वांग्यावरचे कलम?

हिरवेगार झाड एकाएकी माना टाकते, तेव्हा त्याचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावे. कापातून दुधाळ धागे सुटले, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा वाण मर, लीफ कर्ल (पाने आकसवणारा विषाणूजन्य रोग) आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो. मात्र तो संकरित असल्याने बियाणे दर हंगामाला विकत घ्यावे लागते.

तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने रुळवलेल्या दुसऱ्या वाटेत, बाजारात खपणाऱ्या टोमॅटोचा शेंडा मर सोसणाऱ्या वांग्याच्या रोपावर बांधतात. रानटी जातींतून प्रतिकारशक्ती आणताना फळ लहान होण्याचा गुणही मागोमाग येतो, ही पैदासकारांची जुनी डोकेदुखी येथे टळते आणि वांग्याची मुळे साचलेले पाणीही अधिक सोसतात. परंतु पांढऱ्या माशीने आणलेला लीफ कर्ल असल्या मुळांना जुमानत नाही, आणि रात्रीच्या उकाड्याने परागकण निकामी होऊन फूल गळते ते शेंड्यावरच. म्हणून उष्णता सोसण्याचा गुण वाणातच हवा. पाणी तुंबणाऱ्या, मर मुरलेल्या रानात कलमाचा खर्च मला योग्य वाटतो; एरवी वाणच.