फोटॉन मोजणाऱ्या पिक्सेलमध्ये किती बिट ठेवायचे?

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय ठरतात. ई अँड टीसीच्या काही मुलांना यंदा फोटॉन मोजणाऱ्या इमेज सेन्सरवर काम करायचंय. विषय सुरेख आहे, जरूर घ्या. मात्र सिनॉप्सिस देण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: मोजणीचं सर्किट लहान करायचं, ते कोणत्या वाटेनं?

अशा सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये स्पॅड (सिंगल फोटॉन अ‍ॅव्हलांच डायोड) असतो. हा डायोड ब्रेकडाउनच्या वर बायस केलेला, म्हणजे एका फोटॉननंही उसळेल इतक्या व्होल्टेजवर ठेवलेला असतो. एक फोटॉन टिपला गेला की विजेची अख्खी पल्स मिळते, त्यामुळे नेहमीच्या कॅमेऱ्यातला रीडआउट नॉइज (सिग्नल वाचताना मिसळणारी गडबड) इथे आड येत नाही. अडचण पुढे सुरू होते. पल्स मोजायला काउंटर लागतो, आणि तो प्रकाशाच्या वाट्याची जागा खातो.

किती खातो? स्काय१३० ही चिपसाठीच्या तयार गेटांची १३० नॅनोमीटरची खुली लायब्ररी लॅपटॉपवर फुकट चालते, तिच्यातले आकडे घेऊ. रीसेट असलेला सर्वांत लहान फ्लिपफ्लॉप (एक बिट साठवणारं सर्किट) साधारण २५ चौरस मायक्रॉनचा, इन्व्हर्टर (बिट उलटवणारं गेट) पावणेचारचा. रिपल काउंटरमध्ये एक बिट पुढच्याला हलवतो, आणि दर बिटाला एक फ्लिपफ्लॉप नि एक इन्व्हर्टर लागतो. म्हणजे आठ बिटांचा साधा रिपल काउंटर २३० चौरस मायक्रॉन, आणि यात वायरिंग धरलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलमधल्या गटानं २०२० मध्ये दहा लाख पिक्सेलचा स्पॅड सेन्सर मांडला, त्याचा अख्खा पिक्सेल ९.४ मायक्रॉनचा, म्हणजे ८८ चौरस मायक्रॉन. आपला नुसता काउंटरच त्याच्या अडीचपट भरतो.

त्यांनी पिक्सेलमध्ये काउंटर ठेवलाच नाही. 'फोटॉन आला की नाही' एवढा एकच बिट ठेवायचा, भराभर फ्रेम बाहेर काढायच्या आणि बेरीज बाहेर करायची. जागेच्या हिशेबात याला तोड नाही. पण डेटाचा लोंढा प्रचंड. त्याच गटाच्या आधीच्या स्विसस्पॅड२ मध्ये ५१२ × ५१२ पिक्सेल आणि सेकंदाला ९७,७०० फ्रेम, म्हणजे सेकंदाला जवळपास २५.६ अब्ज बिट. एवढा डेटा कॉलेजच्या एफपीजीए (हवं तसं सर्किट भरता येणारी चिप) बोर्डाला झेपणार नाही. दुसरा तोटा मला जास्त खटकतो. एका फ्रेममध्ये दोन फोटॉन आले तरी मोजणी एकच. फ्रेममागे सरासरी एक फोटॉन येत असेल, तर शंभर फ्रेममध्ये फक्त ६३ वेळा 'एक' उमटतो. गणितानं हे सावरता येतं, पण उजेड वाढत गेला तसा अंदाज ढिला पडत जातो.

एलएफएसआर काउंटरबद्दल मुलांना फार आकर्षण असतं. यात बिट एकेक जागा पुढे सरकतात, शेवटचे काही बिट गेटातून पहिल्याला परत मिळतात, आणि आकडे ओळीनं न येता वेड्यावाकड्या क्रमानं येतात. सात बिटांना एकच एक्सनॉर गेट लागतं, आणि शून्यापासून १२६ पर्यंत मोजता येतं. (आठ बिट घेतले तर एकाऐवजी तीन गेटं लागतात, म्हणून सात किंवा नऊच घ्या.) क्षेत्रफळाची बचत मात्र दहा टक्क्यांच्या आतच. खरा फायदा वाचताना होतो: काउंटर स्वतःच शिफ्ट रजिस्टर असल्यामुळे सात तारांऐवजी एका तारेनं मोजणी बाहेर येते, आणि वेडावाकडा क्रम बाहेरच्या तक्त्यानं सुटतो. किंमत पॉवरमध्ये मोजावी लागते. रिपल काउंटरमध्ये दर पल्सला सरासरी दोनच फ्लिपफ्लॉप हलतात, इथे सातही फ्लिपफ्लॉपना क्लॉक जातो.

अ‍ॅनालॉग मोजणीत दर पल्सला कपॅसिटरवरचा व्होल्टेज एक पायरी हलतो. मोजके ट्रान्झिस्टर, जागा छोटी. पण एक व्होल्टमध्ये २५६ पायऱ्या बसवायच्या तर पायरी चार मिलिव्होल्टची, आणि ती प्रत्येक पिक्सेलमध्ये वेगळी पडते. अ‍ॅनालॉगची मनापासून गोडी असेल आणि माँटे कार्लो सिम्युलेशनची (सर्किटातले फरक रँडम बदलून शेकडो वेळा चालवण्याची) तयारी असेल, तरच इकडे वळा. सोनी, कॅननसारखं दोन चिप एकमेकींवर चढवणं आपल्या आवाक्यात नाही. शिवाय खालच्या चिपवरही सर्किटला पिक्सेलएवढीच जागा मिळते, म्हणजे काउंटर आवळावा लागतोच.

माझं मत सरळ आहे: पिक्सेलमध्ये चार बिट ठेवा, बाकीची मोजणी कडेच्या मेमरीत करा. प्रत्येक पिक्सेल ठरावीक वेळानं वाचायचा, मागच्या वाचनाशी सोळाच्या हिशेबात (१५ नंतर पुन्हा ० धरून) फरक काढायचा आणि तो मेमरीत मिळवायचा. फरकच घ्यायचा असल्यामुळे रीसेट लागत नाही. बिनरीसेटचा फ्लिपफ्लॉप २० चौरस मायक्रॉनचा, म्हणजे चार बिटांचं काम ९५ मध्ये भागतं.

समजा पिक्सेलवर सेकंदाला जास्तीत जास्त एक लाख पल्स येतात. सरासरीनं सोळा पल्स १६० मायक्रोसेकंदांत होतात, पण त्या भरवशावर राहू नका, कारण फोटॉन कधी तुरळक, कधी झुंडीनं येतात. दर ४० मायक्रोसेकंदांनी वाचलंत तर सरासरी चार पल्स, आणि सोळा किंवा जास्त येण्याची शक्यता दहा लाखांत पाचेक. १६ × १६ च्या अ‍ॅरेत एकेक ओळ वाचायची तर वेग फक्त ४०० किलोहर्ट्झ. आता एका बिटाशी ताडून पाहा. ४० मायक्रोसेकंदांत चार बिट काय किंवा दर १० मायक्रोसेकंदांनी एक बिट काय, डेटा तेवढाच. पण या उजेडात एका बिटाची वाट शंभरातले ६३ फोटॉन मोजते, चार बिटांची वाट जवळजवळ सगळे.

दोन ठिकाणी जपा. वाचण्याआधी पल्सचं गेट बंद करून काही नॅनोसेकंद थांबा, नाहीतर ०१११ वरून १००० होताना मधलाच आकडा हाती लागेल. आणि रीसेट नसल्यानं गेट-लेव्हल सिम्युलेशनमध्ये सगळे बिट कायम 'एक्स' (किंमत माहीत नाही) दिसतील. खऱ्या चिपमध्ये ते सुरुवातीला शून्य किंवा एक काहीतरी असतातच, आणि पहिलं वाचन हाच पाया ठरतो. टेस्टबेंचमध्ये (सर्किट तपासणाऱ्या कोडमध्ये) रँडम सुरुवातीची किंमत घाला आणि वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे दर वेळी वेगळे रँडम आकडे घेऊन, चालवा. बेरीज दर वेळी तीच आली, तर एक्स्टर्नलना तोच लॉग दाखवा.