वणव्यात रस्ता बंद? आधी ड्राइव्हबीसी उघडा

ऑगस्ट २०२३ मध्ये आईबाबा पुण्याहून आले होते आणि आम्ही कॅनडात व्हँकूवरहून अल्बर्टा प्रांतातल्या बॅन्फला निघणार होतो. तेवढ्यात शुस्वॅप भागातल्या वणव्याने चेस गावाजवळ आमच्या वाटेवरचा हायवे १ बंद पडला. फोनवरचा नकाशा तरीही त्याच वाटेने, कॅमलूप्सकडूनच जा म्हणत होता!

ब्रिटिश कोलंबिया (बीसी) प्रांताच्या सरकारची ड्राइव्हबीसी ही रस्त्यांची माहिती देणारी फुकट साइट तेव्हा खरी कामाला आली. रस्ता कुठून कुठपर्यंत बंद, वळसा कुठून, माहिती शेवटची कधी बदलली आणि पुढची कधी येणार, सगळं एका नोंदीत. त्याहून भारी म्हणजे हायवेवरचे कॅमेरे. गेल्या चोवीस तासांची चित्रं ओळीने पाहता येतात, त्यामुळे धूर वाढतोय की निवळतोय ते कळतं. बाबा तर चहा घेत तेच बघत बसायचे, क्रिकेटचा स्कोअर पाहावा तसे.

शेवटी होपहून हायवे ३ धरला: मॅनिंग पार्क, ओसोयूस, क्रॅनब्रुक, मग रेडियमवरून बॅन्फ. रस्ता लांब आणि वळणावळणाचा, त्यामुळे वाटेत एक मुक्काम धराच. मॅनिंग पार्कात मोबाइलला रेंज धड नसते. नोंदींचे स्क्रीनशॉट होपलाच काढून ठेवा.

रेटिंगमधला एक तारा कापला, कारण आग नेमकी कुठवर पसरलीय ते बघायला बीसी वाइल्डफायर सर्व्हिसचं ॲप वेगळं उघडावं लागलं. आणि अल्बर्टाची हद्द लागली की ड्राइव्हबीसी संपलं, तिथून पुढे ५११ अल्बर्टा ही त्या प्रांताची रस्ते-माहिती सेवा.