गाणाऱ्या गळ्यांनी वाचलेल्या स्पॅनिश कथा

म्युझिकल थिएटरमधल्या नटनट्यांनी मूळ स्पॅनिशमध्ये वाचलेल्या कथांचा एक ऑडिओबुक संग्रह मी गेले दोन महिने पुन्हा पुन्हा ऐकत आहे. सुरुवातीला मला या कल्पनेविषयी शंकाच होती, कारण आठवड्याला आठ प्रयोग करणाऱ्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत भावना पोहोचवण्याची सवय जडलेल्या गळ्याला, हेडफोन लावून बसलेल्या एकट्या श्रोत्याशी बोलणे कितपत जमेल, असे वाटत होते. काही कथांत ते उत्तम जमले आहे. जिथे फसले आहे तिथे मात्र कथेचा जीवच गेला आहे.

सर्वांत जमलेली कथा अर्जेंटिनाचा लेखक हुलिओ कोर्तासार याची ‘कासा तोमादा’ (ताब्यात घेतलेले घर) होय. १९४६ साली ख्यातनाम लेखक बोर्हेस यांच्या संपादनाखालील मासिकात प्रथम छापली गेलेली ही कथा एका जुन्या प्रशस्त घरात राहणाऱ्या भावाबहिणीची आहे. घराच्या मागल्या भागातून दबके आवाज येतात, कोणीतरी तो भाग ताब्यात घेतला आहे एवढेच आपल्याला कळते, आणि बहीण विणकामाच्या सुया उचलत, आता या बाजूला राहावे लागेल, असे शांतपणे म्हणते. कोर्तासारची वाक्ये स्वल्पविरामांवरून सरकत लांबवर जातात. श्वास कुठे घ्यायचा हे ज्याला कळत नाही, त्याच्या वाचनात ती मधेच तुटतात. गाण्याची तालीम झालेला वाचक मात्र पुढचा पूर्णविराम आधीच ओळखून छाती भरून घेतो, आणि आपल्याला त्याचा श्वास ऐकूच येत नाही. शिवाय हा वाचक ‘य’च्या जागी ‘श’कडे झुकणारा अर्जेंटिनाच्या राजधानीचा, ब्यूनोस आयरेसचा उच्चार करतो, त्यामुळे ते घर नेमके कोणत्या शहरातले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

याउलट ओरासिओ किरोगाच्या ‘एल आल्मोआदोन दे प्लुमास’ या १९०७ मधल्या कथेचे वाचन ऐकून मी खरोखर हळहळलो. नवविवाहिता दिवसेंदिवस खंगत जाऊन मरते आणि तिच्या पिसांच्या उशीत काय दडले होते, हे शेवटी उघड होते. त्यानंतरचा अखेरचा परिच्छेद किरोगाने मुद्दाम प्राणिशास्त्राच्या पुस्तकातल्या नोंदीसारखा कोरडा लिहिला आहे, कारण असे परजीवी पिसांच्या उशांत आढळणे दुर्मीळ नाही, हे थंडपणे सांगण्यातच खरी भीती आहे. आमच्या वाचिकेने तिथे आवाज खाली नेला, थरथरवला, शेवटच्या शब्दाआधी मोठा विराम घेतला आणि ते वाक्य गाण्याच्या समारोपासारखे पेश केले. टाळ्यांची जागा तेवढी रिकामी राहिली. लेखकाने जिथे भावना काढून घेतली आहे तिथे ती परत भरणे, ही या संग्रहातली वारंवार होणारी चूक आहे.

अवगुस्तो मोंतेर्रोसोची डायनासोरवरची सुप्रसिद्ध कथा मुळात सात शब्दांची आहे, आणि तिच्याआधी वाजणारे सुरुवातीचे संगीत कथेपेक्षा लांब आहे. ते कोणाच्याच लक्षात आले नसावे. तांत्रिक बाजू सामान्यच म्हणावी लागेल. एका कथेवरून दुसऱ्या कथेवर जाताना आवाज कमीजास्त करावा लागतो आणि सोबत छापील संहिता नाही, त्यामुळे स्पॅनिश नुकतीच शिकू लागलेल्यांनी याच्या वाटेला न जाणेच बरे.

तरीही हा संग्रह मी जपून ठेवणार आहे तो हुआन रुल्फोच्या ‘नो ओयेस लाद्रार लोस पेर्रोस’ या कथेसाठी. १९५३ च्या कथासंग्रहातली ही कथा म्हणजे एका रात्रीची पायपीट आहे: म्हातारा बाप जखमी तरुण मुलाला खांद्यावर घेऊन वैद्याच्या गावाकडे निघाला आहे, आणि गाव जवळ आल्याची खूण म्हणून कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते का, असे त्याला विचारत राहतो. मुलाच्या गुन्ह्यांचा पाढा वाचताना बाप ‘तू’ सोडून ‘उस्तेद’वर, म्हणजे ‘तुम्ही’वर येतो. अनुवादात हा बदल सहज हरवतो, पण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतले अंतर रोज वापरणाऱ्या आपल्याला तो ऐकताक्षणी टोचतो, कारण इथे आदरार्थी रूप आदरासाठी नसून नाते तोडण्यासाठी आले आहे. वाचणारा नट मूळचा भारदस्त गायक आहे, हे इतर कथांवरून कळते. इथे त्याने तो आवाज बाजूला ठेवला आहे. ‘उस्तेद’ म्हणताना तो रागावत नाही, फक्त दमलेला वाटतो. शेवटी कुत्री ऐकू येतात आणि तुला ती ऐकू येत नव्हती का, असे विचारताना बाप पुन्हा ‘तू’वर येतो, तेव्हा नटाने त्या शब्दावर तसूभरही जोर दिलेला नाही.