बोटं बधीर होती, पण कोणती बोटं हे विकणाऱ्याने विचारलंच नाही

हाताला सतत मुंग्या येत असतील, बोटं आखडत असतील आणि कुणी तुम्हाला 'नस मोकळी करणारा कोर्स' विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच. त्याहून मोठं नुकसान माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी झालं आहे. तिथला उंचवटा सपाट झालाय, स्नायू वाळलाय, आणि तो पूर्ण भरून येईल अशी खात्री डॉक्टर देत नाहीत.

त्रास असा होता. रात्री उजव्या हाताच्या मुंग्यांनी जाग यायची. हात झटकला, पलंगावरून खाली लोंबता सोडला की बरं वाटायचं. सकाळी मूठ वळायची नाही, थोड्या वेळाने बोटं सैल व्हायची. पुढे दिवसाही फोन कानाला धरला की हात बधीर होऊ लागला. सुईत दोरा ओवताना चिमटीत दोरा आहे की निसटला, हे बघितल्याशिवाय कळेना.

फोनवर याबद्दल शोधलं आणि लगेच जाहिराती मागे लागल्या. त्यातल्या एका 'मोफत तपासणी'ला गेले. माणूस गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात 'ताई'. मुठीत धातूची एक कांडी धरायला दिली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. मिनिटाभरात कित्येक पानांचा रिपोर्ट छापून आला. यकृत, मूत्रपिंड, हाडांची घनता, जीवनसत्त्वं, सगळ्यांचे आकडे, आणि बहुतेक लाल अक्षरांत. शेवटच्या पानावर 'सर्व नसांमध्ये ब्लॉकेज'. मुठीत कांडी धरून यातलं काहीही मोजता येत नाही. जीवनसत्त्वासाठी रक्त काढावं लागतं, हाडांच्या घनतेसाठी डेक्सा स्कॅन लागतो. पण दशांश चिन्हासकट छापलेला आकडा समोर ठेवला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला सौदा पटवणं सोपं जातं. 'आज सुरू केलं नाही तर हात कायमचा जाईल' हे वाक्य त्याने मी उठायला लागल्यावरच काढलं.

कोर्समध्ये कागदी पुड्या होत्या, ज्यांच्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. सोबत 'नसांचं टॉनिक' म्हणून गोळ्यांची बाटली आणि चुंबक शिवलेले हातमोजे.

आणि आराम पडला. हे मुद्दाम सांगते, कारण सगळी फसवणूक इथेच आहे. थोड्याच दिवसांत मुंग्या कमी झाल्या, बोटं मोकळी झाली, शांत झोप लागली. मी पुढच्या महिन्याच्या पुड्या मागवल्या. मग चेहरा गोल आणि सुजरा दिसू लागला, भूक वाढली, रक्तातली साखर पहिल्यांदाच वर गेली. विचारल्यावर उत्तर आलं, 'शरीरातली घाण बाहेर पडतेय, ताई, थांबू नका.' मी पुड्या बंद केल्या तर चक्कर, मळमळ आणि अंथरुणातून उठवेना असा अशक्तपणा.

फिजिशियनने चेहरा पाहिला आणि आधी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासायला सांगितलं. ते फार कमी निघालं. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या आपल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात. मग ते एकाएकी बंद झालं की शरीर उघडं पडतं, आणि ही अवस्था जिवावरही बेतू शकते. पुडी प्रयोगशाळेत गेलेली नाही, पण त्यात स्टेरॉइड होतं याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. आरामही त्याचाच होता. स्टेरॉइडने सूज उतरते, तेवढ्यापुरता नसेवरचा दाब हलका होतो. दाबाचं मूळ कारण तसंच राहतं आणि नस आतून खराब होत जाते. मला बरं वाटत होतं त्या काळातच अंगठ्याचा स्नायू वाळत होता.

न्यूरॉलॉजिस्टचा पहिला प्रश्न होता, 'कोणती बोटं?' तोवर हे कुणीही विचारलेलं नव्हतं. अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू. करंगळी ठीक. रात्री जास्त, झटकल्यावर कमी. एवढ्यावरच त्यांनी कार्पल टनेल सिंड्रोमची शंका घेतली. मनगटात हाडं आणि आडवा पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची नस जाते. आतली जागा कमी झाली की नस चेपली जाते. मग नर्व्ह कंडक्शन तपासणी झाली. त्यात विजेचे बारीक झटके देऊन संदेश किती वेगाने जातो हे मोजतात. माझा संदेश नेमका मनगटापाशी मंदावत होता. रक्तात टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉइड कमी काम करत होतं, आणि त्यानेही हा बोगदा अरुंद होतो.

वेळेत कळलं असतं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि थायरॉइडची गोळी यांवर कदाचित भागलं असतं. स्नायू वाळल्यामुळे माझं ऑपरेशन करावं लागलं, मनगटातला तो आडवा पट्टा कापून नसेला जागा करून दिली. रात्रीच्या मुंग्या गेल्या. अंगठ्याची ताकद अजून आलेली नाही.

मला राग येतो तो याचाच, की 'हात बधीर होतो' या एका तक्रारीवर एकच पुडी सगळ्यांना विकली जाते. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधीर असेल तर दाब बहुधा कोपरापाशी, अल्नर नसेवर असतो. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मानेतल्या मणक्यांकडे पाहावं लागतं. हातांबरोबर चालताना तोल जातोय, बटणं लावता येत नाहीत, असं असेल तर मज्जारज्जूच दाबला जात असू शकतो, आणि तिथे उशीर फार महागात पडतो. मधुमेहातला बधिरपणा बहुतेक वेळा पायांपासून सुरू होऊन वर सरकतो. मधुमेहात बोटांचे सांधेही आखडतात, इतके की नमस्कारासाठी तळवे जोडले तरी मध्ये फट राहते. बी-१२ च्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात. शाकाहारी लोकांनी आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ते तपासून घ्यायला हवं. सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल आणि दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील तर संधिवाताचा विचार करतात, ज्यावर लवकर औषध सुरू झालं तर सांधे वाचवता येतात. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, त्वचेवर संवेदना नसलेला चट्टा असेल, तर कारण आणखी वेगळं, डॉक्टरही वेगळे. अर्धं अंग अचानक बधीर पडलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा थेट इस्पितळ गाठायचं.

टॉनिकच्या बाटलीचं राहिलंच. तिच्या लेबलवर एका गोळीत बी-६ १०० मिलिग्रॅम लिहिलं होतं, रोज दोन गोळ्या. प्रौढ माणसाची दिवसाची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवली, कारण जास्त बी-६ दीर्घकाळ घेतल्याने नसांनाच इजा होते आणि हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्या त्रासावर ती गोळी विकली, तोच त्रास तिने वाढू शकतो. 'जीवनसत्त्वच आहे, काय होणार' असं कुणी म्हणालं तर लेबलवरचा आकडा वाचा.

ज्यांच्याकडे अशा बिननावाच्या पुड्या आहेत आणि ज्यांना त्यांनी झटपट गुण आलाय, त्यांना कळकळीची विनंती: त्या एकदम बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. उरलेल्या पुड्या घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतल्या ते स्पष्ट सांगा. स्टेरॉइड उतरवत आणावं लागतं, मला त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या घ्याव्या लागल्या. रिकामे कागद, पावत्या, फोनवरचे संदेश, तो छापील रिपोर्ट, काहीच फेकू नका. मी हे सगळं औषध नियंत्रण खात्याकडे तक्रारीसोबत दिलं आहे. उरलेल्या दोन पुड्याही सीलबंद करून दिल्या, त्या आता तपासणीला जातील.